बोट लावलं की थांबणारी हलगी

अण्णासो : ...व्हय, ते कळलं. ढोलाला बोट लावलं की ढोल वाजतोय, लेझमीला लावलं की लेझीम. नादखुळा झालंय. पर ह्यो खाली कोपऱ्यात बसलेला कोण?

संघप्रिया : हलगीवाला. त्याला पण लावा की बोट.

अण्णासो : हलगीवाला हाय ते दिसतंय. मी विचारालोय, कोण हाय त्यो.

संघप्रिया : पप्पा, चित्र आहे ते. मीच काढलंय. आधी पडद्यावर बोट लावून तर बघा. हात वर जातोय, मान हलतीय, पटक्याचा शेमला पण मागं उडतोय. नुसत्या त्या शेमल्यानं माझा जीव खाल्लाय. आधी नुसता काठीगत उभा राहायचा.

अण्णासो : माझ्या बापाला बोट लावू म्हणतीस?

मीनाबाई : काय झालं ओ? रविवारी सकाळसकाळी आवाज का चढवालाय? मी हितं कणीक मळालोय, तुमचं भांडण सोडवायला हात मोकळा न्हाय.

अण्णासो : भांडण कुठलं. ये हिकडं. हात पूस आन् ये. बघ तुझ्या लेकीनं कुणाला बशीवलंय त्या लॅपटॉपात.

मीनाबाई : अगं बया. मामंजी की. तंतोतंत गं संघे. खालचा ओठ पण तसाच मुडपलाईस. ते चिडले की असाच मुडपायचे. आन् चिडलेलेच असायचे.

संघप्रिया : भिंतीवरच्या फोटोवरनं काढलं. मला एक म्हातारा चेहरा पाहिजे होता, हलगी वाजवणारा. नेटवर शोधलं तर सगळे एका साच्यातले, लग्नाच्या जाहिरातीत असतात तसे हसरे. मग म्हटलं आपल्या घरातच आहे की चेहरा. आबा गेले तेव्हा मी अंगणात रांगत होतो, मला काय आठवतंय त्यांचं? मला वाटलं, पप्पा बघतील आणि खूश होतील.

मीनाबाई : मग व्हा की खूश. का उभा राहिलाय असं, कंपनीत मशीन बंद पडल्यागत?

अण्णासो : खूश न्हाय असं कोण म्हटलं? पर आबांच्या हातात हलगी द्यायला कुणी सांगितलं? छप्पन साली दीक्षा घेतली आन् आबांनी हलगी फोडली. चामडं काढून टाकलं, लाकडाचं कडं चुलीत घातलं, त्याच्यावर गुळाचा चहा केला आन् सगळ्या गल्लीला पाजला. त्यानंतर हातात धरली न्हाय. गाव दारात आलं तरी न्हाय.

संघप्रिया : ते मला माहीत आहे. दर चौदा एप्रिलला सांगताय तुम्ही. पण प्रसेनजीतदादाचं पथक जयंतीला वाजवतंयच की. गेल्या वर्षी तुम्ही स्वतः त्यांच्या पुढं नाचलाय, माझ्याकडं व्हिडिओ आहे. हा आवाज पण प्रसेनजीतदादाचाच. मंडळाच्या खोलीत दारं-खिडक्या लावून, पंखा बंद करून रेकॉर्ड केला. घामानं भिजलो दोघं.

अण्णासो : प्रसेनजीतचं येगळं. त्यो वाजवतोय ते त्येच्या मनानं. मन न्हाय तर वाजवत न्हाय. मागं मिरवणुकीत कुणी काय बोललं, तर हलगी काखंत मारून घरात जाऊन बसला. आम्ही मिनत्या करून आणला. त्येला कोण बोटानं खुणवतंय?

संघप्रिया : बोटाचा काय संबंध आला पप्पा?

अण्णासो : तूच तर बोट लावा म्हणालीस. ऐक आता. आबांस्नी हाक मारून बोलवायचे न्हाईत. नाव घेतलं तर तोंड विटाळायचं. लांबनं नुसतं बोट हलवायचं. बोट वर गेलं की वाजवायचं, बोट खाली आलं की थांबायचं. लगीन असू दे, बैलांची मिरवणूक असू दे, मयत असू दे. ताप असला तरी वाजवायचं. त्यास्नी राग हलगीचा न्हवता. त्या बोटाचा होता. आन् तू काय केलंईस? जगातल्या कुणीबी, घरात गादीवर लोळत, बोट लावलं की आबा वाजवणार.

मीनाबाई : अवं, पोर हाय ती. तिनं काय तसं मनात आणून केलंय?

अण्णासो : न्हाय आणलं म्हणून तर सांगालोय.

संघप्रिया : ...पप्पा, माझ्या डोक्यातच आलं नाही हे. खरंच नाही आलं. पुसतो मी. चेहरा तेवढा बदलायचा आहे, जास्त काम नाही. नेटवरचा कुठलातरी हसरा बसवतो.

अण्णासो : पुसू नगं.

संघप्रिया : मग?

अण्णासो : पुसू नगं म्हटलं ना एकदा. फोटोत बघून बघून इसरलो होतो की आबा हलतबी होते. तू मान हलवलीस ती बरोब्बर त्येंची हाय.

मीनाबाई : झालं. पुसू नगं आन् वाजवू पण नगं. मग पोरीनं करायचं काय, ते तरी सांगा. उद्या हे बघायला तिच्या वेबसाइटीच्या क्लासात शाहूपुरीतल्या कंपनीचा तो सायेब येणार हाय ना, काय नाव त्याचं?

संघप्रिया : राजवर्धन सर. शाळेच्या पोरांसाठी वेबसाइटी करतात, धडे हलते-बोलते करायचे. आमच्यातला एकच जण घेणार आहेत.

मीनाबाई : तोच. कोल्हापुरात ह्या शिक्षणाची ही एक नोकरी. ती हुकली की पोरगी पुण्याला. मग तुम्ही बसा दर रविवारी एस्टी स्टँडावर डोळे लावून. मी सांगून ठेवतो, मला न्हाय चालायचं.

अण्णासो : मला चालतंय असं कुणी म्हटलंय?

संघप्रिया : आणि नुसतं चित्र ठेवून चालत नाही, पप्पा. क्लासच्या भैरवी मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलंय, बोट लावलं की पडद्यानं उत्तर दिलंच पाहिजे. फळ्यावर लिहून ठेवलंय त्यांनी. उत्तर न देणारा पडदा म्हणजे मेलेला पडदा. आमच्यातल्या राजसनं अख्खी आकाशगंगा केलीय, जिथं बोट ठेवाल तिथं काहीतरी फुटतंय, उडतंय, गातंय. त्याच्या पुढं माझे आबा नुसते बसून राहिले तर मॅडम म्हणणार, हलगीवाला मेलाय का?

अण्णासो : नुसते बसत न्हवते.

संघप्रिया : काय?

अण्णासो : आबा. नुसते बसत न्हवते ते. हलगी सोडली, पर हात कुठं जातोय? ज्वारीचा पत्र्याचा डबा होता घरात, मोठा. आई गिरणीला गेली, आम्ही शाळंत, घरात कोण न्हाय हे बघून त्या डब्यावर वाजवायचे. मी एकदा शाळा बुडवून आलो तवा सापडले. दाराच्या आडच उभारलो. काय वाजवत होते, संघे. अंगावर काटा आला. दोन बोटांनी तो पत्रा नुसता बोलायला लागला होता.

संघप्रिया : मग?

अण्णासो : मग काय. माझ्याच्यानं राहवलं न्हाय. फुडं झालो आन् म्हटलं, आबा, आणि एकदा. झटक्यात हात मांडीखाली. म्हणले, कोण वाजवत होतं? शाळा सुटली का? जा, घागर भरून आण. परत कवा वाजवा म्हटलं न्हाय मी. दारातनं ऐकायचो आन् मागच्या मागं जायचो.

मीनाबाई : माझ्यासमोर वाजवलंय की त्यांनी.

अण्णासो : काय सांगतीस?

मीनाबाई : व्हय. नवी सून होतो मी. चुलीम्होरं भाकरी करालो होतो, ते मागं बसलेले. वाजायला लागलं. मला तुमच्या आईनं सांगून ठेवलेलं, वाजलं तर वळून बघू नको. न्हाय वळलो. तव्यावरची भाकरी करपली, धूर झाला, डोळ्यातनं पाणी आलं, पर मान वळवली न्हाय. म्हणून वाजवत राहिले. संपल्यावर उठले आन् म्हणले, मीना, भाकरी जळाली तुझी.

अण्णासो : हे कवा बोलली न्हाईस मला.

मीनाबाई : तुम्ही कवा विचारलं?

संघप्रिया : आई, थांब जरा. म्हणजे कुणी सांगितलं की थांबायचे. हात मांडीखाली. आणि कुणी मध्ये आलं नाही, गप बसलं, तर वाजवायचे.

मीनाबाई : तसंच की.

संघप्रिया : मग पप्पा, थांबणं हे पण उत्तरच झालं की.

अण्णासो : म्हंजे?

संघप्रिया : म्हणजे मी हे सगळं उलटं करतो. आत्ता बोट लावल्यावर आबा वाजवतात. ते काढून टाकतो. बोट लावलं की आबांनी थांबायचं, हात मांडीखाली घ्यायचा, ओठ मुडपून लावणाऱ्याकडं बघायचं. हात काढला आणि गप बसलं की मग त्यांच्या मनानं सुरू. मॅडमना बोट लावल्यावर उत्तर पाहिजे ना? हे घ्या उत्तर.

अण्णासो : असं करता येतंय त्यात?

संघप्रिया : न यायला काय झालं? कष्ट तेवढेच, फक्त उलटे. हात मांडीखाली नेतानाची चित्रं नव्यानं काढायला लागतील तेवढी. तुम्ही बसा जरा तसं खुर्चीवर... नाही, खाली बसा. हात न्या मांडीखाली. पटकन. असंच. मोबाईलवर घेतो मी. आणि एकदा.

अण्णासो : आणि एकदा म्हणू नगं. आबा थांबतील.

मीनाबाई : बघा, आला की नाही माणूस थाऱ्यावर.

संघप्रिया : एक घोळ आहे पण. मोठा घोळ आहे. ब्राउझर आवाज सोडत नाही.

मीनाबाई : कोण सोडत न्हाय?

संघप्रिया : ज्यात हे पान उघडतंय ते, ब्राउझर. बघणाऱ्यानं पानाला एकदा तरी हात लावल्याशिवाय ते आवाजच बाहेर सोडत नाही. नियमच आहे तसा. नाहीतर कुठलंही पान उघडलं की जाहिराती बोंबलायला लागतील. म्हणजे पहिलं बोट लावूनच घ्यावं लागणार. आणि बोट लावून वाजवणारे आबा म्हणजे परत तेच झालं.

अण्णासो : मग एवढं सगळं पाण्यात?

संघप्रिया : बोट लावायला दुसरं काहीतरी कारण पाहिजे. वाजवा म्हणून नाही. दार उघडायला म्हणून लावू दे? दाराची कडी करतो, ती काढली की आत.

अण्णासो : न सांगता दार उघडून आत आल्यावर तर आबा थांबायचेच.

मीनाबाई : तुम्ही दोघं शिकलेली माणसं, पर साधी गोष्ट सुचंना. माझ्या अंगणवाडीत गोष्ट सांगायच्या आधी मी काय करतो? आधी बसा. मांडी घाला. हाताची घडी. सगळी बसल्याबिगर मी तोंड उघडत न्हाय. इवलीइवली पोरं, पर त्यास्नी कळतंय, आपण बसलो की बाई बोलत्यात. तसं आलेल्याला बसायला सांग की. मामंजींच्या शेजारी काहीतरी अंथर. त्याच्यावर बोट ठेवलं की माणूस बसला.

संघप्रिया : आई.

मीनाबाई : काय?

संघप्रिया : काही नाही. तू भैरवी मॅडमच्या जागी पाहिजे होतीस.

मीनाबाई : त्यास्नी म्हणावं तुम्ही या अंगणवाडीत, महिनाभर तरी टिकता का बघू. काय अंथरतीस? चटई अंथर.

अण्णासो : चटई नगं. वाकळ घाल. ती आईनं शिवलेली हाय ना ट्रंकेत, लाल-हिरव्या तुकड्यांची. तिचाच फोटो घे. आन् अशी लांब टाकू नगं, आबांच्या गुडघ्याला गुडघा लागला पाहिजे एवढी जवळ टाक. त्येंच्या शेजारी कोण बसलंच न्हाय कवा. वाजवताना समदी लांब. चालताना लांब, जेवताना तर त्याहून लांब.

संघप्रिया : टाकतो. पण पप्पा, त्या वाकळेवर बोट ठेवलेलं चालेल ना तुम्हाला? बोटच आहे शेवटी.

अण्णासो : बसायला हात टेकावाच लागतोय की, बाळ. त्यात काय वाईट?

मीनाबाई : मी ट्रंक उघडतो. तुम्ही तोवर चहा ठेवा. आज सगळंच उलटं चाललंय तर हे पण होऊ दे.

अण्णासो : ठेवतो. संघे, एक सांग. हात काढल्यावर आबांनी किती वेळानं सुरू करायचं?

संघप्रिया : ते मी ठरवणार नाही. कधी लगेच, कधी बराच वेळ नाही. दर वेळी वेगळं. तसं कॉम्प्युटरला सांगता येतं. आबांच्या मनावर सोडायचं.

अण्णासो : मग झ्याक. आन् सायेब उद्या तेवढा वेळ थांबला न्हाय तर?

संघप्रिया : नाही थांबला तर मी पुण्याला जाते, शुद्ध बोलायला शिकते आणि दर रविवारी येते.

मीनाबाई : ते बोलणं तेवढं नको शिकू. मला परक्याची पोरगी आल्यागत वाटतंय.

(सोमवारी संध्याकाळी, त्याच घरात. संघप्रिया नुकतीच क्लासवरून आली आहे.)

मीनाबाई : चपला नंतर काढ. आधी बोल.

संघप्रिया : पाणी तरी दे.

अण्णासो : हे घे पाणी. सायेब थांबला का?

संघप्रिया : नाही थांबला. आधी राजसची आकाशगंगा बघितली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मग माझी पाळी. सरांनी ढोल वाजवला, लेझीम वाजवली, मान डोलवली. मग वाकळेवर बोट ठेवून बसले. लगेच हलगीला बोट. आबांनी हात मांडीखाली घातला. परत बोट. परत हात मांडीखाली, वर ओठ मुडपून बघितलं त्यांच्याकडं. सर म्हणाले, मॅडम, हे हँग झालंय. सगळा वर्ग हसला. राजस तर बाकावर हात आपटून हसला.

मीनाबाई : त्या राजसच्या तर. मग तू काय केलंस?

संघप्रिया : मी म्हटलो, सर, हँग नाही झालं. त्यांना सांगितलेलं आवडत नाही. तुम्ही बसलाय ना त्यांच्या शेजारी, मग हात मागं घ्या आणि नुसतं बसा.

अण्णासो : सायबाला असं म्हणालीस?

संघप्रिया : म्हणालो की. मॅडमनी डोळे एवढे मोठे केले. सरांनी हाताची घडी घातली आणि खुर्चीला टेकून बसले. आणि पप्पा, आबांनी लवकर सुरूच केलं नाही. वर्ग पण हसायचा थांबला. मला वाटलं माझंच काहीतरी लिहायचं चुकलं. आणि मग सुरू केलं. सर शेवटपर्यंत हलले नाहीत. संपल्यावर विचारलं, हे कोण? म्हटलो, माझे आजोबा, पिराजी. मग मी त्यांना सगळं सांगितलं. बोटाचं पण. चहाचं पण.

अण्णासो : काय म्हणला मग?

संघप्रिया : म्हणाले, हे आमच्या वेबसाइटवर घेऊ, फक्त एक वाजवायचं बटण टाक, पोरांना एवढा दम निघत नाही. मी म्हटलो, ढोलाला टाकतो, लेझमीला टाकतो, तुमच्या सगळ्या धड्यांना टाकतो, म्हणाल तिथं टाकतो. ह्या एका माणसाला नाही टाकणार.

मीनाबाई : गेली नोकरी.

संघप्रिया : मला पण तसंच वाटलं. पहिला नंबर मॅडमनी राजसला दिला. माझ्या कागदावर लिहिलं, कल्पना चांगली, वेग कमी. पण नंबर मॅडमचा, माणूस राजवर्धन सर निवडणार होते. जाताना मला म्हणाले, आमच्यात गिऱ्हाईक म्हणेल तसं करणारे सगळेच आहेत, नाही म्हणणारं एक माणूस पाहिजेच होतं. एक तारखेपासनं ये.

मीनाबाई : एक तारखेपासनं कुठं?

संघप्रिया : शाहूपुरीत, आई. दुसरं कुठं? डबा घेऊन जायचं, संध्याकाळी घरी.

मीनाबाई : अगं मग हे आधी सांगायचं सोडून एवढं पाल्हाळ लावलंस? इकडं माझं काळीज पाण्यात. ये हिकडं, तुझ्यावरनं हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडतो. अवं, ऐकलं का? न्हाय जायची पोरगी पुण्याला. उद्या विहारात खीरदान करू या. तुम्ही काय तोंड फिरवून उभा राहिलाय?

अण्णासो : डोळ्यात काय तर गेलंय.

मीनाबाई : गेलंय तर गेलंय. मला पण गेलंय. त्यात लपवायचं काय?

अण्णासो : संघे, लॅपटॉप लाव की जरा. काल गडबडीत मी नीट ऐकलं न्हाय.

संघप्रिया : लावतो. बसा. वाकळेवर हात टेकवा पहिला.

अण्णासो : ठावं हाय मला.

मीनाबाई : बसा बापलेक. मी ताटं करतो. आज आमटीला मसाला सढळ घातलाय, गार झाल्यावर बोलू नका कोण.

संघप्रिया : झालं, पप्पा. सुरू केलं बघा आबांनी. तुमच्यासाठी लगेच केलं.

अण्णासो : गप.

मीनाबाई : अवं, ताटं वाढली. या की. संघे, तू पण. ...ऐकू येतंय का कुणाला? आमटीवर साय धरायला लागलीय.

संघप्रिया : पप्पा, आई चिडेल आता. एक बोट लावा, थांबतंय लगेच. जेवून परत बघा की.

अण्णासो : न्हाय. त्येंचं त्येस्नी थांबू दे. मग जेवू.